अक्का, उठायचं गाणं कुणाला दिलंस?

अक्का, तुझ्यावर मी इतकी चिडलेय की धड रडताही येत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलेन ना. आधी आपलं भांडण तर संपू दे. ते तू अर्ध्यावर टाकून गेलीस, आणि अर्ध्यावर टाकलेली कुठलीही गोष्ट मला चालत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

परवा गुरुवार होता. तुझं तेरावं झाल्यानंतरचा पहिला गुरुवार. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हापासून मंडळ बंदच होतं. तुझा वसंता मला म्हणाला, "काकू, आईला हे बंद राहिलेलं आवडलं नसतं. तुम्ही बसा." म्हणून बसलो. तुझ्याच माडीवर, तीच सतरंजी, त्याच झांजा, तेच सूप आणि तीच कानाला मोडलेली घागर. खिडकीखालची तुझी जागा रिकामी सोडली. शकूने ओव्या उचलल्या, लीलाताईंनी त्यांच्या साताऱ्याकडचं झिम्म्याचं गाणं घेतलं, मी माझं बऱ्हाणपूरचं नथीचं गाणं म्हटलं. मंडळी छान रंगली, खोटं कशाला बोलू? तुझी आठवण काढून दोघीतिघी रडल्या आणि परत गायला लागल्या.

आणि मग उठायची वेळ झाली.

तुझ्या घरातली ही रीत परक्या माणसाला सांगितली तर तो हसेल. तुझ्या सासूच्या सासूने हे मंडळ सुरू केलं. शिंद्यांच्या दरबारात कारकुनी करायला आलेल्यांच्या बायका, इथे ना नदी ओळखीची ना भाषा, म्हणून त्या दर गुरुवारी दुपारी जमून आपापल्या माहेरची गाणी म्हणायच्या. तेव्हापासून प्रत्येक गाणं एकेका बाईचं. जिचं गाणं तिनेच उचलायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. दुसरीला द्यायचं असेल तर तिच्या पाठीवर हात ठेवून एकदा पूर्ण म्हणायचं, मग तिच्याकडून म्हणवून घ्यायचं. त्यानंतर ते तिचं. उज्जैन सोडून जाणाऱ्या बाईने आपलं गाणं इथे राहणाऱ्या कुणाला तरी देऊन जायचं. आणि न देता बाई मेली, तर ते गाणं बंद.

बंद म्हणजे बंद. सिंधूचा पाळणा आठवतो ना? पहिल्याच बाळंतपणात गेली बिचारी. तो पाळणा आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिच्यामागून शंभरदा म्हटलाय. पण त्यानंतर तो कुणाच्या तोंडून निघालेला नाही. माझ्या धाकटीला निजवताना एकदा ओठावर आला आणि मी जीभ चावली.

उठायचं गाणं तुझं. तुला सासूकडून मिळालेलं.

*उठा गं सयांनो, चुली खोळंबल्या,*
*कृष्णेच्या घाटावर घागरी थांबल्या.*

हे म्हटल्याशिवाय तुझ्या माडीवरून आजवर कुणी उठलेलं नाही. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या दिवशी गुरुवारच होता. गल्लीत पताका लागत होत्या, पोरं घोषणा देत होती, आम्हाला घरी जाऊन झेंडे शिवायचे होते. शकू तर चपला घालायला निघाली होती. तू खिडकीखालून ओरडलीस, "राज्य उद्या येणार आहे ना? मग आज खाली बस!" आणि सगळी कडवी म्हटलीस, एकही न गाळता, मुद्दाम सावकाश. मला तेव्हा तुझा इतका राग आला होता. घरी पोचेपर्यंत अंधार पडला, आमच्या ह्यांनी झेंडा उलटा शिवून ठेवला होता, तो मी सगळा उसवला.

तर परवा गाणी संपली आणि आम्ही बसून राहिलो. येत होतं की ते सगळ्यांना! पण उचलायचं कुणी? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी लीलाताईंकडे बघितलं. लीलाताई म्हणाल्या, "विमल, अगं सुरू कर ना. तुला दिलं असेल अक्कांनी."

मी म्हटलं, "नाही दिलं."

"नाही?"

"नाही म्हटलं ना! कितीदा सांगू?"

बघ, किती शरम वाटली असेल मला. आजारपणात तुझ्या उशाशी रोज दुपारी कोण येऊन बसायचं? मी. फ्रीगंजमधून टांगा करून, लूच्या झळा लागत असताना, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. तुझे पाय चेपले, तुला पन्हं पाजलं, तुझ्या सुनेशी तुझ्या वतीने भांडले. रोज वाटायचं, आज अक्का म्हणेल, पाठ कर इकडे. म्हणून मी मुद्दाम तुझ्या खाटेकडे पाठ करून भाजी निवडत बसायचे. तू काय म्हणायचीस? "देठं जाड ठेवतेस गं."

सांगायचं तर सगळंच सांगते, आता ऐकावंच लागेल तुला. सुरुवातीला मी तुला अहो-जाहो करायचे. नवी सून, तू मंडळाची मोठी. मग एकदा नदीवरून आपला झगडा झाला. मी म्हटलं होतं, आपण शिप्रेचं पाणी पितो, सणावारी शिप्रेत न्हातो, आपली माणसं शिप्रेवर पोचवतो, मग गाण्यात कृष्णा कशाला? घाल ना शिप्रा! चालीतसुद्धा बरोब्बर बसतं. तू म्हणालीस, "गाणं म्हणजे काय झंपर आहे, अंगाला लागलं तिथे उसवायला?" आणि मी रागाच्या भरात म्हणून गेले, "अक्का, तू तरी कृष्णा बघितलीयेस का कधी?" तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "नाही बघितली. आणि आता तू म्हटलंयस तर तूच म्हणत जा. तुम्ही-बिम्ही पुरे." त्या दिवसापासून तू माझी तू झालीस. नदीचं मात्र काही झालं नाही.

दर वर्षी मी नदीचा विषय काढायचे, दर वर्षी तू नाही म्हणायचीस. आणि दुसरं भांडण कंचनभाभीचं.

तुझ्या स्वयंपाकघराची आणि कंचनभाभीची भिंत एक. तिच्या सासऱ्यांचं तेलाचं दुकान, ती मालव्यातलीच, शाजापूरकडची. तिच्याकडे श्राद्धपक्षात अंगणातल्या भिंतीवर शेणाफुलांच्या चित्रांची संजा निघायची, तुझ्या गल्लीतल्या मराठी पोरी तिच्याकडे जाऊन संजाची गाणी म्हणायच्या, आणि मग नवरात्रात त्याच पोरी हत्ती मांडून आपला भोंडला. पोरींना कधी कळलंही नाही की ही दोन वेगळी खाती आहेत. माझी थोरली तर तुझ्याकडे आली की भोंडल्याच्या मध्येच संजाचं गाणं घुसवायची. मी तुला कितीदा म्हटलं, कंचनभाभीला गुरुवारी बोलवू या. तिचा आवाज काय खणखणीत आहे, ढोलक वाजवते, तिकडून भिंतीला कान लावून बसते बिचारी, मला तिने स्वतः सांगितलंय.

"ढोलक आली की हात सुरू होतात आणि तोंडं बंद," तू म्हणालीस.

"मग ढोलक नको. नुसती ती येऊ दे."

"विमल, ही माडी आपल्या गाण्यांची आहे."

"पण अक्का, आता आपण उरलोय किती?"

ते मात्र खरं होतं, आणि तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. राजाचं राज्य गेलं, मध्यभारत झाला. मध्यभारत पुरता अंगवळणी पडतो न पडतो तोच तो मोडून नवं राज्य झालं, आणि कचेऱ्या उचलून भोपाळला चालल्या. तिकडे मराठी मुलखाचं वेगळं काहीतरी होणार म्हणून ज्यांचे कुणी पुण्यामुंबईला होते ते तिकडे सरकले. दर चार-सहा महिन्यांनी एखादी बाई रडत यायची, कुणाच्या तरी पाठीवर हात ठेवायची, गाणं देऊन स्टेशनवर जायची. शकूकडे आता सहा जणींची गाणी झाली आहेत. ती म्हणते, माझं स्वतःचं कोणतं तेच मला आठवत नाही.

एकदा तू मला सांगितलंस, त्या दिवशी तू चिडलेली नव्हतीस म्हणून ते लक्षात राहिलं. म्हणालीस, "तुझ्या सासऱ्यांच्या काळात कचेरीतले कागद मराठीत असायचे. ते गेले. शाळेतून पण जाईल, आज ना उद्या. बाजारात तर आपण हिंदीच बोलतो, घरात पोरं निम्मी हिंदी बोलतात, मी पण बोलते. एक खोली तरी राहू दे ना गं. एवढीशी खोली." पण अक्का, दार लावून घेतलं की आतली माणसं एकेक करून कमीच होत जातात, आणि शेवटी त्या खोलीत एकटी तू राहणार होतीस, हे तुला दिसत कसं नव्हतं? इतकी हुशार बाई तू!

असो. परवा.

आम्ही बसलेल्या. खाली गल्लीत, खिडकीपाशी, शकूचा मोठा मुलगा तिला बोलवायला आला, "आई, बाबा चहा मागताहेत." शकू म्हणाली, "त्यांना सांग, आई अडकली आहे." तो खालून बघत राहिला. आई सतरंजीवर बसलेली आहे, दार उघडं आहे, कुणी धरलेलं नाही, आणि म्हणते अडकली आहे. लीलाताईंचे गुडघे आखडले. त्या म्हणाल्या, "असंच उठू या का?" पण स्वतः हलल्या नाहीत. कुणी तरी म्हणालं, आपण सगळ्या मिळून उचलू. पण सुरुवात कुणी करायची? उन्हं भिंतीवरून निघून गेली. मनात आलं, हे असंच उठलो तर पुढच्या गुरुवारी कुणी येणार नाही. सिंधूच्या पाळण्यासारखं हे मंडळही सगळ्यांना पाठ आणि बंद. माझ्या मनात तुझ्याबद्दल जे जे शब्द आले ते इथे लिहीत नाही.

तेवढ्यात जिन्यात खोकल्याचा आवाज आला.

मी ओरडले, "कोण आहे?"

कंचनभाभीचा आवाज. "मैं हूँ."

"भाभी, जिन्यात काय करताय? कब से?"

"तम बैठी जब से."

म्हणजे सगळा वेळ! मी म्हटलं, "तो ऊपर क्यों नहीं आईं?"

"बुलाया नी, तो कैसे आती?"

उठून तिला आत आणावं, तर मला उठता येत नव्हतं. अक्का, तुझ्या रीतीने माझे पाय बांधलेले, आणि तुझ्याच रीतीने ती दाराबाहेर. मी बसल्या जागेवरून हाका मारल्या, "या हो भाभी, या, आत या!" लीलाताईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

ती आली. डोक्यावरचा पदर सारखा केला, तुझ्या रिकाम्या जागेला नमस्कार केला, पण तिथे बसली नाही. दाराशीच बसली. आणि कुणी काही विचारायच्या आत तिने उचललं.

*उठा गं सयांनो, चुली खोळंबल्या,*

माझ्या हातातली झांज खाली पडली. उच्चार तिचे, ळ जरा अडखळणारा, पण चाल? तुझी. तू 'सयांनो'वर श्वास घेतेस तसाच श्वास. आणि पुढे,

*शिप्रेच्या घाटावर घागरी थांबल्या.*

शिप्रेच्या. अक्का, शिप्रेच्या!

कुणी मागून म्हटलंच नाही पहिल्यांदा. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, कारण त्यांच्या देखत मी इतकी वर्षं ह्याच एका शब्दासाठी तुझ्याशी भांडले होते. तिने थांबून परत म्हटलं, मग आम्ही म्हणायला लागलो. सगळी कडवी. एकही गाळलं नाही.

झाल्यावर मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी दिलं?" म्हणजे मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"अक्काबाई ने. पीठ पे हाथ रख के. सबेरे-सबेरे बुलाती थीं भींत पे से, तम तो दोपहर में आती थीं."

सकाळी! म्हणजे सकाळी तिच्या पाठीवर हात, आणि दुपारी मला देठं!

"आणि कृष्णा? कृष्णा कुठे गेली?"

कंचनभाभी हसली आणि मग तोंडावर पदर धरला. "अक्काबाई बोलीं, ये विमल का किया हुआ है, ठीक किया है. पर उसको मत बताना, सिर चढ़ जाएगी."

माडीवर एकदम हशा पिकला. लीलाताई हसता हसता रडल्या. आणि मी? मला हसू येईना. पंधरा वर्षं भांडले मी त्याच्यासाठी. जिंकले, आणि जिंकल्याचं मला सांगायला तू नाहीस. एकदा, फक्त एकदा तुझ्या तोंडावर "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणायचं होतं मला. तेवढंही ठेवलं नाहीस.

"पण मला का नाही दिलं?" मी विचारलं. सगळ्यांच्या देखत विचारलं, लाज सोडून.

कंचनभाभीचं हसू गेलं. हळू बोलली, "वो कहती थीं, विमल, वा तो भोपाल जाएगी."

आता मला आठवलं. तुला ताप चढला होता त्या दुपारी तू मला विचारलं होतंस, "विमल, भोपाळला पाणी कसं असतं गं?" मी म्हटलं, "तलाव आहे मोठा, म्हणतात." तू म्हणालीस, "मग चांगलं." आणि कूस बदललीस. मला वाटलं, तापात काहीतरी बोलतेय. आमच्या ह्यांची कचेरी जाणार हे तुला कुठूनतरी कळलं होतं, आणि मी तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं, तू बरी झाल्यावर सांगेन म्हणून. अगं, विचारायचं तर सरळ विचारायचं! "तू जाणार आहेस का?" एवढंच. मी म्हटलं असतं, अक्का, मला जायचं नाही, मला बिलकुल जायचं नाही, हे फ्रीगंज सोडून, तुझी माडी सोडून, पण ह्यांची नोकरी आहे, मी काय करू? तू काहीतरी खवट बोलली असतीस आणि मला बरं वाटलं असतं. पाणी कसं असतं म्हणे! असं विचारतात का?

आणि खरं सांगू, रीतीप्रमाणे तू बरोबरच केलंस. जाणारीला उठायचं गाणं देऊन काय करायचं? मीही दिलं नसतं. ह्याचाच जास्त राग येतो.

आता शेवटचं. तुला आठवतं ना, गाणं संपलं की तू एकेकीला नाव घेऊन उठवायचीस. जिचं घर सगळ्यात लांब ती आधी. म्हणून मला पहिली. नाव नाही घ्यायचीस माझं, "फ्रीगंज, ऊठ," म्हणायचीस. परवा गाणं झालं, सगळं बोलणं झालं, आणि तरी आम्ही तशाच बसलेल्या. मग कंचनभाभीने पदर सावरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"फ्रीगंज, उठो."

तेही शिकवलंस तिला. मी उठले, अक्का. जिना उतरेपर्यंत धरून ठेवलं, खाली चपलांपाशी बसून मग जे काय रडायचं ते रडले. वसंता धावत आला, त्याला म्हटलं, जा, तुझ्या आईशी माझं भांडण आहे, तू मध्ये पडू नकोस.

सामान बांधायला काढलंय. पुढच्या गुरुवारी माझं नथीचं गाणं मी कंचनभाभीला देईन. ढोलक पण घेऊन या म्हणून सांगितलंय. तुला राग येईल, येऊ दे, परवापासून माझा राग जास्त आहे. आणि तिच्याकडून एक गोष्ट कबूल करवून घेतलीय. मी गेल्यावरसुद्धा गाणं झालं की पहिली हाक फ्रीगंजलाच मारायची.

ती म्हणाली, "और कोई नी उठे तो?"

मी म्हटलं, "तो जरा ठहरना. फिर बाकी को उठाना."